अर्धशिशी आटोक्यात आली, पण शब्द हरवायला लागले – टोपिरामेट घेणाऱ्यांचे अनुभव हवेत

सुलक्षणा_सातारा

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वय ४४. अर्धशिशी कॉलेजपासूनची. आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येतात, मग वीसेक मिनिटांनी डावं कानशील ठणकायला लागतं. उलटी होईपर्यंत सुटका नाही. गेल्या वर्षी महिन्यातले बारा-चौदा दिवस असेच जायला लागले आणि मी दिसेल ती वेदनाशामक गोळी घ्यायला लागले. न्यूरॉलॉजिस्टनी आधी तेच थांबवलं. म्हणाले, साध्या गोळ्यासुद्धा महिन्यातून पंधरा दिवस घेतल्या की त्या गोळ्यांचीच डोकेदुखी सुरू होते. अर्धशिशी टाळायला रोज घ्यायच्या गोळ्या असतात, पण मला दमा आहे, म्हणून त्यातलं प्रोप्रॅनोलॉल देता येईना. अमिट्रिप्टिलिनने सकाळचा पहिला तास झोपेतच जायचा. शेवटी टोपिरामेट दिलं. रात्री २५ मिलिग्रॅमची एक गोळी, दर आठवड्याला २५ वाढवत सकाळी ५० आणि रात्री ५०.

मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली तर काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "घरात कुणाला फिट येते का?" पाकिटातला कागद उघडला तर त्यातही आधी अपस्मार आणि नंतर मायग्रेन. दोन दिवस गोळी उशाशी ठेवून बसले. मग घेतली.

गुण आला, हे आधी सांगते. तिसऱ्या महिन्यात चौदाचे चार दिवस झाले. कितीतरी वर्षांनी गणपतीत आरत्यांच्या आवाजात उभी राहू शकले.

पण त्याच सुमारास एक दिवस नववीच्या वर्गात फळ्यासमोर उभी होते आणि 'क्रियाविशेषण' हा शब्द आठवेना. एकोणीस वर्षं शिकवलेला शब्द! अर्थ डोक्यात आहे, उदाहरणं आहेत, शब्दाच्या जागी नुसती पोकळी. पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितला. संध्याकाळी सुनेला म्हटलं, "ते दे गं, पुऱ्या काढायचं, जाळीचं." झारा. मग रोजच असं काहीतरी. नावं, भाज्या, म्हणी. वाक्य सुरू करायचं आणि मध्येच थांबायचं.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. तिचंही असंच सुरू झालं होतं. तीन आठवडे मी कुणाला काही बोलले नाही. रात्री अंथरुणात पडून सगळ्या विद्यार्थ्यांची नावं हजेरीच्या क्रमाने म्हणून बघायची.

डोकेदुखीची वही होती म्हणून उलगडा झाला. रोजचं दुखणं, झोप, जेवण, गोळी सगळं तिच्यात लिहिते. शब्द अडल्याची पहिली नोंद ७५वर गेल्यानंतर पाचव्या दिवशी, आणि १००वर गेल्यावर रोज. मग पाकिटातला कागद पुन्हा वाचला. शब्द न सुचणं, लक्ष न लागणं, तिथे छापलेलंच होतं.

मला कुणी आधी एवढं एकच वाक्य सांगितलं असतं, तर ते तीन आठवडे तसे गेले नसते. डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारी आहे. तोवर विचारते: तुमच्यापैकी कुणाला असं झालं का? शब्द परत आले का?

दीपमाळ

ताई, शब्द परत येतात. माझे आले.

मला वयाच्या सतराव्या वर्षापासून फिट येते. आता ३१. लेव्हिटिरॅसिटाम या फिटच्या दुसऱ्या गोळीच्या जोडीला टोपिरामेट सकाळ-संध्याकाळ १००-१००, म्हणजे तुमच्या दुप्पट. पहिले चार महिने मी बँकेत टोकन नंबर पुकारताना अडायचो. डोस फार भराभर वाढवला होता, तो डॉक्टरांनी थोडा मागे घेतला आणि मग दोन-दोन आठवडे थांबत वर नेला. आता कधीतरीच अडतं, जास्त करून जागरण झालं की.

पण गुरुवारपर्यंत एक करू नका. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. मी केली होती. शब्दांमुळेच, बरं का. इंटरव्ह्यू होता आणि त्यात अडखळायचं नव्हतं, म्हणून दोन दिवस आधी थेट शून्यावर आलो. तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर फिट आली. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाशी कुणाची तरी चप्पल आणि दातांत स्टीलचा चमचा. पुढचा एक दात तुटला. लोक वाईट नव्हते, त्यांना माहीतच तेवढं होतं.

म्हणून जिथे जागा मिळेल तिथे मी हे लिहितो. कुणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवा आणि घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. चप्पल, कांदा यांनी फिट थांबत नाही, ती आपल्या वेळेने थांबते. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, तर १०८ला फोन.

औषधीवाला

बी.फार्म. आहे, तालुक्याच्या गावी दुकान चालवतो. काउंटरवरच्या मुलाच्या प्रश्नाबद्दल आधी माफी मागतो. तो प्रश्न आमच्या दुकानातही विचारला जातो आणि विचारायला नको. बरेच रुग्ण तेवढ्यानेच घाबरून गोळी न घेता घरी जातात.

फिटची गोळी डोकेदुखीला का, ते सांगतो. दोन्ही आजार वेगळे, पण दोन्हींत मेंदूच्या पेशी गरजेपेक्षा लवकर भडकतात. टोपिरामेट त्यांना बऱ्याच बाजूंनी आवरतं. पेशीत सोडियम आत येण्याचे मार्ग अडवतं, शांत करणाऱ्या गाबाचं काम वाढवतं, चेतवणाऱ्या ग्लुटामेटचं कमी करतं. शिवाय कार्बॉनिक अनहायड्रेज नावाचं एक एन्झाइम थोडं दाबतं. बोटांत मुंग्या, सोडा पाणचट लागणं, मुतखडा, हे उपद्व्याप बहुतेक त्या शेवटच्या कामातून येतात.

याचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. १९७९मध्ये अमेरिकेत मॅकनील कंपनीत ब्रूस मॅरियानॉफ हे रसायनशास्त्रज्ञ मधुमेहावरचं औषध शोधत होते. फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, तिच्यापासून त्यांनी हा रेणू बनवला. रेणूचा एक भाग फिटवरच्या जुन्या औषधांसारखा दिसला म्हणून त्या दिशेने तपासला, आणि मधुमेह बाजूला राहून हे हाती लागलं. अमेरिकेत अपस्मारासाठी १९९६ला परवानगी मिळाली, मायग्रेन टाळण्यासाठी २००४ला. मूळ ब्रँड टोपामॅक्स. आता आपल्याकडेही बऱ्याच कंपन्या बनवतात.

सुलक्षणाताई, वहीची कल्पना फार आवडली. उद्यापासून दुकानात येणाऱ्यांना मी हेच सांगणार.

गिरिभ्रमर

मुंग्या आणि पाणचट सोडा वाचून दचकलो. हिमालयात ट्रेकला जाताना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स घेतलं होतं, तेव्हा अगदी हेच झालं होतं. बोटं, ओठ झिणझिणायचे आणि कोल्ड्रिंक म्हणजे गोड पाणी. काही संबंध आहे का?

औषधीवाला

आहे. डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड, तेही त्याच एन्झाइमला दाबतं. बुडबुड्यांची चुरचुर जिभेला कळते ती त्या एन्झाइममुळे. म्हणूनच टोपिरामेट चालू असताना ट्रेकसाठी डायमॉक्स परस्पर सुरू करू नका. दोन्ही एकत्र झाली की मुतखड्याचा धोका वाढतो. ट्रेकच्या लीडरने गोळ्या वाटल्या तर त्याला आधी सांगा की माझं हे औषध चालू आहे.

रानजाई

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठी आहे, म्हणून लिहितेय, राग मानू नका. आमच्या आईची अर्धशिशी नाकात गाईचं तूप घालून आणि कपाळाला सुंठेचा लेप लावून राहिली. सुलक्षणा, बाळा, तू शिक्षिका आहेस. शब्द नेणारी गोळी कशाला घ्यायची? सोडून दे आणि महिनाभर हे करून बघ.

सुलक्षणा_सातारा

रानजाईताई, राग कसला. सुंठेचा लेप मीही लावते, थंड वाटतं. पण चौदा दिवसांचे चार झाले ते या गोळीने. दीपमाळ यांचं वाचल्यावर एकदम सोडण्याचं धाडस मी करणार नाही.

दीपमाळ, "परत येतात" हे दोन शब्द काल रात्री तीनदा वाचले. तुमच्या दाताचं वाचून वाईट वाटलं. तुमचा तो परिच्छेद मी शाळेच्या सूचनाफलकावर लावू का? आमच्या सातवीत एका मुलाला फिट येते.

दीपमाळ

नक्की लावा. खाली नाव नको.

चंद्रपूरकर

माझा मुलगा नऊ वर्षांचा. अपस्मारासाठी दीड वर्षापासून टोपिरामेट चालू आहे. आमचा अनुभव वेगळा आहे, आणि विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या आईबापांनी तो वाचावा.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७वर जातो. मागच्या उन्हाळ्यात पोरगा दुपारी खेळून आला, चेहरा लालबुंद, अंग तापलेलं, आणि घाम एक थेंब नाही. सदरा कोरडा. आम्ही ताप समजून पॅरासिटामॉल दिलं. ताप उतरेना, पोरगं सुस्तावलं. अंगावर ओले टॉवेल टाकून दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी औषधं विचारली आणि लगेच म्हणाल्या, या गोळीने काही मुलांचा घाम कमी होतो, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. दीड वर्षात हे आम्हाला कोणी बोललं नव्हतं. बायको तिथेच रडली. तिने त्या दिवशी सकाळीच त्याला "जा, बाहेर खेळ" म्हणून धाडलं होतं.

गोळी बंद केली नाही, कारण फिट थांबल्या आहेत. आता अकरा ते पाच उन्हात जाणं नाही, पाण्याची बाटली गळ्यात, कूलरजवळ अभ्यास. शाळेला लिहून दिलंय की मैदानावर त्याला थांबावंसं वाटलं तर थांबू द्या. घामाकडे बघतो आम्ही. सदरा ओला दिसला की जिवाला बरं वाटतं.

थेम्सकाठची_मुग्धा

लंडनजवळ राहते, मूळची चिपळूणची. मायग्रेनसाठी पाच वर्षं टोपिरामेट घेत होते. जून २०२४मध्ये इथल्या औषध नियामक संस्थेने नवे नियम आणले आणि मला दवाखान्यातून बोलावणं आलं. आता मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला हे औषध द्यायचं तर खात्रीचं गर्भनिरोधक हवं, दरवर्षी धोक्याचा कागद वाचून त्यावर सही हवी, आणि औषध थांबवल्यावरही निदान चार आठवडे गर्भनिरोधक चालू ठेवायचं. गरोदर बाईला मायग्रेनसाठी द्यायचंच नाही.

कारण असं की गरोदरपणात हे घेतलं तर शंभरातल्या साधारण चार ते नऊ बाळांत जन्मतः व्यंग दिसतं, फाटलेला ओठ किंवा टाळू वगैरे. एरवी हे प्रमाण शंभरात एक ते तीन असतं. बाळ वजनाने कमी भरतं, आणि स्वमग्नता, बौद्धिक अडचणी, अतिचंचलता यांचा धोका दोन-तीन पट सांगतात. त्यात आणखी एक, जे मला पाच वर्षांत ठाऊक नव्हतं: हे औषध गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करू शकतं. मी त्याच गोळ्यांवर विसंबून होते.

मी हळूहळू थांबवलं आणि दुसरं सुरू केलं. पण हे वाचून कुणी फिटवाली मुलगी घाबरून गोळ्या फेकून देईल, तर तसं नका करू. गरोदरपणात मोठी फिट आली तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. दिवस राहण्याआधी, लग्न ठरतानाच, न्यूरॉलॉजिस्टशी बोला. औषध बदलायला वेळ लागतो.

मनीषा_पंढरपूर

मुग्धा, फार मोठं काम केलंस हे लिहून. माझी मुलगी २४ वर्षांची, टोपिरामेटवर आहे, तीन वर्षांत फिट नाही. स्थळं बघतोय. जाऊबाई म्हणतात, गोळी चालू आहे हे आता सांगू नका, लग्न झाल्यावर बघू. मुलगी म्हणते, मी लपवणार नाही. आईने काय करावं?

कलम_आणि_शाई

वकील आहे. ताई, मुलीचं ऐका. हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता, तो १९९९च्या दुरुस्तीने काढून टाकला. म्हणजे फिट येते एवढ्यावरून लग्न रद्द मागता येत नाही. लपवलं मात्र, तर फसवणुकीचा आरोप करून समोरचे कोर्टात जाऊ शकतात. आजारावरून आलेली प्रकरणं मी फार थोडी पाहिली आहेत, लपवण्यावरून आलेली पुष्कळ.

आणि कायदा बाजूला ठेवा. गोळी लपवायची म्हणजे ती चोरून घ्यायची, म्हणजे कधीतरी चुकणार. सासरी पहिल्या सणाला जागरण, उपास आणि चुकलेली गोळी हे तिन्ही एका दिवशी आले तर तिची तीन वर्षांची शांतता जाईल.

मनीषा_पंढरपूर

चुकलेल्या गोळीचा विचार मी केलाच नव्हता. आज तिला जवळ बसवून बोलते.

साधा_फिजिशियन

एमडी मेडिसिन आहे, मेंदूविकारतज्ज्ञ नाही. धागा दोनदा वाचला. इथले रुग्ण जे सांगताहेत ते आम्ही ओपीडीत पुरेसं सांगत नाही, हे मला मान्य करावंच लागेल. एका रुग्णाला चार-पाच मिनिटं मिळतात आणि त्यात शब्दांचं राहून जातं.

सुलक्षणाताई, शब्द अडणं डोसशी आणि डोस किती वेगाने वाढवला त्याच्याशी बांधलेलं असतं. कमी केला की बहुतेकांचं सुधारतं. मायग्रेनमध्ये २०० घेऊन १००पेक्षा फारसा जास्त फायदा चाचण्यांत दिसलेला नाही, आणि काहींना १००च्या खालीही पुरतं. म्हणून "सगळं किंवा काही नाही" असा प्रश्न तुमच्यापुढे नाही. गुरुवारी वही घेऊन जा आणि ती तारीख दाखवा. सोबत रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं आम्ल आटोक्यात ठेवणारा क्षार, तपासायचं का, हेही विचारा. या औषधाने ते उतरू शकतं, थकवा त्यातूनही येतो. पाणी भरपूर प्या. चतुर्थी, एकादशीचे निर्जळी उपास सोडा. मायग्रेनलाही उपाशी पोट चालत नाही.

इथे दोन गोष्टी अजून कुणी लिहिल्या नाहीत. नवीन सुरू केल्यावर, विशेषतः पहिल्या महिन्यात, अचानक धूसर दिसायला लागलं किंवा डोळा दुखायला लागला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि गोळीचं नाव सांगा. डोळ्यातला दाब एकाएकी वाढतो, वेळ गेली तर नजर जाऊ शकते. दुसरं म्हणजे मन. फिटच्या सगळ्याच औषधांवर उदासीची आणि आत्महत्येच्या विचारांची सूचना असते. घरचं माणूस गप्प गप्प झालं, चिडचिडं झालं, तर "आजाराने कंटाळलंय" म्हणून सोडू नका. विचारा, आणि डॉक्टरांना कळवा.

रानजाईताई, तुपाच्या दोन थेंबांना माझी हरकत नाही. गोळी सोडायला मात्र आहे.

रानजाई

बरोबर आहे, डॉक्टर. "सोडून दे" असं मी लिहायला नको होतं. दीपमाळचं वाचून रात्री झोप लागली नाही.

सुलक्षणा_सातारा (पाच आठवड्यांनी)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. सहामाही परीक्षेचे पेपर होते.

गुरुवारी वही घेऊन गेले. डॉक्टरांनी पानं उलटून नीट वाचली, तारखांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "आईला होता तोच आजार मला झालाय असं वाटलं होतं." ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी स्मरणशक्तीची छोटी चाचणी घेतली. ती नीट आली. चाचणीचा निकाल लागेपर्यंत माझे हात थंड पडले होते.

सकाळची ५०ची गोळी आधी २५ केली, दोन आठवड्यांनी बंद. आता फक्त रात्री ५०. बायकार्बोनेट जरासं कमी आलंय, औषध लागण्याइतकं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं.

दुखण्याचे दिवस चारांवरून सहावर गेलेत. चौदाच्या तुलनेत मला सहा चालतात. शब्दांची वहीत वेगळी रेघ आखली होती. पहिल्या आठवड्यात नऊ नोंदी, दुसऱ्यात पाच, मागच्या आठवड्यात एक, तीही 'पडवळ'. पडवळ तर मी आधीही विसरायचे, असं सून म्हणते.

दीपमाळ, तुमचा परिच्छेद फलकावर लागलाय. सातवीतल्या त्या मुलाच्या वडिलांनी थांबून पूर्ण वाचला आणि फोटो काढून नेला. चंद्रपूरकर, तुमच्या लेकाला आशीर्वाद. त्या मुलाचीही गोळी हीच आहे का ते त्याच्या वडिलांना विचारलं. हीच निघाली. खेळाच्या सरांना घामाचं सांगून ठेवलंय.

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. बायकार्बोनेटचा आकडा आणि डोकेदुखीचे दिवस इथेच लिहीन.